नळीवरची चीर

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगते, यातलं एकही वाक्य मी रंगवलेलं नाही.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. आणि वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमधलं एक गॅरेज.

बारकी माझी मावसबहीण, समोरच्याच घरात राहणारी. अंगानं चिमणीएवढी, म्हणून बारकी. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, वारले तेव्हा ती रडली नाही. लोकांना तेवढाच विषय मिळाला.

मग तिच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. डोंगरापलीकडच्या शहरात तिचं शिवणाचं दुकान.

"कटिंगला बाई हवीय. सोमवारी ये, नाहीतर दुसरी ठेवते. माझाही नाइलाज आहे गं."

बारकीनं भावोजींची गाडी बाहेर काढली. घाटात पंप नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा टाकी फुल केली.

आणि वास सुरू झाला...

उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा. काचा खाली केल्या तरी जाईना. ती तशीच गॅरेजात गेली.

"सिगरेट ओढता का, ताई?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"नाही."

"मग आता नका सुरू करू."

त्यानं आधी टाकीचं झाकण पाहिलं. त्याचं रबर ठीक होतं. मग गाडी उचलली आणि पेट्रोल आत नेणाऱ्या रबरी नळीवर खडूची पूड फासली. थोड्या वेळानं पांढऱ्या पुडीत एक काळी ओली रेघ उमटली.

"ही बघा चीर. नळीच्या वरच्या अंगाला आहे. टाकी अर्धी असेपर्यंत कळणारच नाही. गळ्यापर्यंत भरली की पाझरतं."

"उंदरानं कुरतडलं असेल."

"उंदीर इतकं सरळ कापत नाही, ताई. हे ब्लेड आहे."

बारकी स्टुलावर बसली ती बसलीच.

तिला संध्याकाळ आठवली. एक नाही, सगळ्या. गाडी तिला मिळायची, बाजारापुरती, दवाखान्यापुरती. पेट्रोल मात्र भावोजी स्वतः भरायचे. अर्धी टाकी, वर थेंब नाही. आणि रोज कामावरून आल्यावर घरात शिरण्याआधी गाडीचं दार उघडून एक श्वास घ्यायचे. लांब. मग आत येऊन पाणी मागायचे.

तिला वाटायचं, गाडीवर जीव आहे माणसाचा.

अर्धी टाकी म्हणजे बाजार. फुल टाकी म्हणजे बहीण. आणि बायकोनं कधी फुल टाकी केलीच, तर ते त्यांच्या नाकाला कळणार होतं.

गॅरेजवाल्यानं नवी नळी बसवली. टाकी पुन्हा काठोकाठ भरली, खाली कोरा पुठ्ठा अंथरला आणि शेडला कुलूप लावलं. "रात्रभर राहू दे. पुठ्ठा कोरा राहिला तर बिनघोर जा."

सकाळी दोघांनी मिळूनच शेड उघडलं.

पुठ्ठा भिजलेला होता...

नव्या नळीवर चीर. त्याच जागी, तेवढीच.

गॅरेजवाल्यानं कुलूप उलटसुलट करून पाहिलं. "कुलूप मीच लावलं होतं," तो म्हणाला. "किल्ली माझ्या कमरेला होती."

"दुसरी नळी घाला की मग."

"नको, ताई. गाडी घेऊन जा."

हे तो तिच्याकडे बघून म्हणाला नाही. तो चालकाच्या रिकाम्या सीटकडे बघत होता.

तो रविवार होता. बारकीनं पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि निघाली.

घाटाच्या पायथ्याशी तिला श्वास घेववेना. वास असा दाटला, की कुणी तोंडावर ओला बोळा धरावा. तिनं हार मानली आणि गाडी घराकडे वळवली.

वास गेला.

एकदम. जसा कधी नव्हताच...

तिनं पुन्हा घाटाकडे तोंड केलं. पुन्हा वास.

बारकीनं इंजिन बंद केलं. किल्ली तशीच लटकत ठेवली, पिशवी काखेत मारली आणि चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर मागून आवाज आला...

गाडीचं दार उघडल्याचा.

मग एक श्वास. लांब.

ती वळली नाही. भाजीच्या टेम्पोनं तिला घेतलं आणि सोमवारी ती दुकानात कात्री धरून उभी होती.

त्याच सोमवारी सकाळी मी दार उघडलं, तर तिच्या दारात गाडी.

भिंतीला नाक लावून उभी. किल्ली आत. वास अजिबात नाही. चालकाची सीट मात्र इतकी मागं सरकवलेली, की बारकीचा पाय ब्रेकला पोचला नसता.

मी तिला हे सांगितलं नाही.

"गाडी कुणी चोरून नेली असेल ना गं?" गॅरेजपासून घाटापर्यंतचं सगळं सांगून झाल्यावर तिनं फोनवर विचारलं.

"नेली असेल."

"बरं झालं. पीडा गेली." आणि ती हसली. लग्नानंतर तिला असं मोकळं हसताना मी ऐकलं नव्हतं. त्या हसण्यासाठी मी महिनाभर खोटं बोलत राहिले.

आज सकाळी दारात गाडी नाही.

ती उभी असायची तिथं जमिनीवर ओला डाग आहे. वाकून वास घेतला...

पेट्रोल.

अर्ध्या टाकीला ते पाझरत नाही.

घाट ओलांडायला किती वेळ लागतो, मला माहीत नाही. मी बारकीला फोन लावलाय. पलीकडं रिंग वाजते आहे, आणि तिनं उचलला तर काय सांगायचं, तेच मला सुचत नाही.