सहा पूर्णांक तीन

बाबांना एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने जेमतेम. त्यामुळे ते गाणं तळहाताने ऐकतात. व्हॉल्व्हच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले, की झालं.

"गाण्याखाली माशी घोंगावते गं," ते म्हणाले. "हाताला गुदगुल्या होतात."

माशीचं मूळ मला माहीत होतं. व्हॉल्व्हच्या काचेच्या नळीत एक तार तापून तांबूस जळत असते. तिला मिळणारा प्रवाह सारखा दिशा बदलत होता, त्याचीच घरघर गाण्यात झिरपत होती. एकाच दिशेचा, न हलणारा प्रवाह दिला की काम फत्ते. मी पदार्थविज्ञान शिकवते. हा माझ्या डाव्या हातचा मळ होता.

ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, अंगठ्याएवढा कपॅसिटर आणि रेग्युलेटर. मागे काहीही होवो, पुढे ६.३ व्होल्टच द्यायचे, एवढंच रेग्युलेटरचं काम. तो तापतो, म्हणून मी त्याला अभ्रकाची चकती घालून पत्र्यावरच स्क्रूने आवळलं. उष्णता पत्र्यात पसरेल, असा हिशेब.

"घ्या, आता बापलेक त्या डब्याशीच संसार थाटा," आई म्हणाली.

मीटरवर ६.३० आलं. घरघर नाहीशी झाली. बाबांनी हात ठेवला आणि लहान मुलासारखे हसले. "मेली माशी!"

पत्रा मात्र तापला नाही. बाबा तासन्‌तास हात ठेवून बसत आणि पत्रा गारच राही. रेग्युलेटरची उष्णता कुठेतरी जायलाच हवी. मी स्क्रू पुन्हा आवळले.

काही दिवसांत बाबा भर दुपारी शाल पांघरू लागले. नखं निळसर दिसायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं. "वयाच्या मानाने ठणठणीत आहेत," ते म्हणाले.

मग एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला, स्पीकर गप्प झाला. व्हॉल्व्ह तसेच तांबूस जळत राहिले. कपॅसिटरमधली शिल्लक पापणी लवेपर्यंतही पुरत नाही. मी प्लग उपटून हातात घेतला.

मीटरवर ६.३०.

बाबांचे डोळे मिटलेले होते. पायाचा अंगठा ताल धरत होता.

"बाबा, वीज गेलीय!" मी कानाशी ओरडले.

"जाऊ दे. गाणं रंगलंय."

त्यांच्या हाताला हात लावला. पत्रा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो, ते स्पर्शाला कळेना.

"हात काढा."

"अगं, समेवर तरी येऊ दे!"

आवाज खोल गेला होता. ओठांना रंग नव्हता. मी एकेक बोट सोडवलं. शेवटचं बोट सुटताच व्हॉल्व्ह मंदावले. मीटर सहाखाली आला, पाचखाली आला.

एका प्रयोगावर मी निष्कर्ष काढत नाही. मी माझा तळहात ठेवला.

६.३०.

गाणं वगैरे काही नव्हतं. मनगटातून वर चढणारा गारठा तेवढा होता. कोपरापर्यंत आला तेव्हा मी हात ओढून घेतला.

त्यानंतर मी घाई केली नाही. पक्कड घेतली, तारा तोडल्या, रेग्युलेटर खोलला. व्हॉल्व्ह फडक्यात धरून काढले, बुटांच्या खोक्यात ठेवले, झाकण लावलं. बाबांना उन्हाच्या खिडकीशी बसवून त्यांचा पंजा चोळत राहिले. नखं हळूहळू गुलाबी झाली. ओठ सुधारले. मी मोठा श्वास सोडला.

"आता गाण्याचं काय गं?" ते म्हणाले.

"दुसरं बांधते की. त्यात काय."

"बांध बाई." त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "पण तू का एवढी गार पडलीस?"

त्यांच्या खांद्यावरून मला टेबल दिसत होतं. खोक्याच्या झाकणाखालून तांबूस उजेडाची बारीक रेघ येत होती. जरासुद्धा न हलणारी.