बिनक्लचचा ट्रक

"कल्लप्पा मेला ते खरं, पण त्या ट्रकातनं तो अजून..."

एवढंच ऐकलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं ज्वारीच्या पिठात गेलं. मी डबा टेकवून मान लांब केली, तर गल्लीतली बजाबाई आणि तिच्याशी बोलणारी, दोघीही गप्प. मला बघून गप्प. गल्लीत माझी ख्यातीच तशी आहे. आमचे हे म्हणतात, तू सातवीत शाळा सोडलीस ते बरं झालं, नाहीतर पोलिसात गेली असतीस आणि अख्ख्या सोलापुरात कुणाला सुखानं जेवता आलं नसतं. म्हणोत. अर्धी गोष्ट पोटात घेऊन मला झोप येत नाही, हे मात्र खरं.

ट्रक म्हणजे आमच्या शेजारच्या शिवयोगीचा. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे उचलायचे आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात टाकायचे, हे त्याचं काम. जन्मभर ड्रायव्हरकी केलेला माणूस. शुगरनं त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, आणि माणूस भिंतीकडे तोंड करून बसला. बायको महानंदा ताट ठेवायची, तसंच उचलायची. डावा पाय नाही म्हणजे क्लच नाही, आणि क्लच नाही म्हणजे ड्रायव्हर नाही, एवढाच त्याचा हिशेब. दोन घरांत भिंत एकच असल्यामुळे त्याचं ते न बोलणंसुद्धा मला ऐकू यायचं.

मग कुठून तरी कळलं की बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावात परदेशी बनावटीचा जुना ट्रक निघालाय, आणि त्याला क्लचच नाही. गिअर आपले आपण पडतात. दोन पेडल, एक उजवा पाय, झालं. शिवयोगीनं खेटे घालून लायसन केलं, गाडी आणली, आणि त्या दिवशी महानंदानं गल्लीभर गव्हाची गोड हुग्गी वाटली. त्या कारखान्यावर ही गाडी कल्लप्पा नावाचा ड्रायव्हर चालवायचा, तो वारला, एवढं आम्हाला माहीत होतं.

गाडी तशी विचित्रच. ब्रेकवरचा पाय उचलला की रेस न देता हळूच पुढं सरकायची, कुणी मागून ढकलल्यासारखी. पोरं बिचकायची. आणि केबिनमध्ये एक गोष्ट होती. आपल्याकडे पुष्कळ ड्रायव्हर चपला खाली काढून गाडीत चढतात, देवळात चढावं तसे. कल्लप्पाही तसाच अनवाणी चालवायचा म्हणे. त्या गाडीच्या रबरी मॅटवर डाव्या बाजूला, जिथं कसलंच पेडल नव्हतं तिथं, एक खळगा पडला होता. टाच आणि चवडा मावेल एवढा. शिवयोगी हसून सांगायचा, "ताई, आयुष्यभर क्लच दाबलेला माणूस. पायाला कोण सांगणार, की बाबा आता नाही म्हणून."

त्याच गाडीनं यंदाच्या उन्हाळ्यात दगा द्यायला सुरुवात केली. आधी सकाळी गाडीखाली लाल थेंब दिसायला लागले. रक्तासारखे लाल. कुणीतरी त्यावर हळद टाकली, कुणी लिंबू ठेवलं. मग गिअर टाकला की इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. थोड्या वेळानं एकदम हिसका मारून पळायची. करपलेला वास यायचा, तळणीत काही विसरल्यासारखा. आणि एक दिवस गठ्ठे भरलेले असतानाच गल्लीच्या तोंडाशी ती उभी राहिली ती राहिलीच.

वीरभद्रप्पा मिस्त्री आले. त्यांच्या हातून जिल्ह्यातल्या निम्म्या ट्रकांचे गिअरबॉक्स खोलले गेले असतील. त्यांनी इंजिन बंद करून गाडी निवू दिली, गिअरच्या तेलाची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, परत घालून बघितली. तेल खुणेपर्यंत होतं. लाल थेंब म्हणजे नुसता पाझर, असं म्हणाले. तेल असून गाडी ओढत नाही म्हणजे आतल्या प्लेटा जळाल्या, आणि याचे सुटे भाग आता कुठंच मिळत नाहीत. भंगारवाल्याला सांगून टाक.

भंगारवाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार असं ठरलं. शिवयोगी घरात गेला, कुबडी कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. महानंदा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत तो आधीचा सगळा काळ परत आलेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आपल्याकडची एप्रिलची दुपार तुम्हाला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रं नसतं. माग थांबलेले, दारं लोटलेली, पत्रे तापून कुई करतात तेवढाच आवाज. मी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

थप.

मला वाटलं, कुणाचं दार वाजलं. थोड्या वेळानं परत. थप... थप. जड, संथ. रबरावर पाय आपटावा तसा. आवाज गाडीतून येत होता.

कुणीही शहाणी बाई आत गेली असती. मी सूप बाजूला ठेवलं आणि गाडीकडे गेले. दार उघडंच होतं. पायरीवर चढून आत डोकावले. केबिन भट्टीसारखी तापलेली, सीटला हात लावला तर चटका बसला. करपलेल्या तेलाचा वास. त्या वासाच्या खाली आणखी एक वास, तंबाखू आणि चुन्याचा. शिवयोगी तंबाखू खात नाही. त्याच्या विभूतीचा वास मी ओळखते.

आत कुणी नव्हतं. मी खाली बघितलं. मॅटवरचा तो खळगा... माझ्या डोळ्यांसमोर हळूच दबला. रबर खाली गेलं, थांबलं, आणि सावकाश वर आलं. मी हात पुढं केला. का केला, देव जाणे. त्या भट्टीत तेवढीच एक जागा गार होती. माठाच्या बुडासारखी गार.

मी उतरले कशी ते आठवत नाही. पण घरात येऊन पाणी प्यायल्यावर भीतीपेक्षा गिरणीतलं ते अर्धं वाक्य जास्त टोचायला लागलं. तो अजून... काय? बजाबाई सांगणार नव्हती. मग सांगू शकणारी एकच बाई होती. महानंदानं कारखान्याच्या जुन्या वॉचमनला फोन करून पत्ता काढून दिला आणि मी अक्कलकोटची एस.टी. धरली.

कल्लप्पाची बायको शिवबाई भावाकडे राहत होती. दारातच कळलं, बाई साधी आहे. "बर्री, कूड्री," या, बसा म्हणत तिनं चटई टाकली, पाणी दिलं, गूळ दिला. मी आडवळणानं विचारणार होते, पण तिचे डोळे बघून सरळच विचारलं, की तुमचे मालक गाडीतच गेले का.

"न्हाय हो. दवाखान्यात गेले. मीच हाताशी होते." ती पदराशी चाळा करत बसली. "पण शेवटपर्यंत डावा पाय हलत होता... चादरीखाली. दाबायचे, सोडायचे. त्या पायाला करंगळी नव्हती, ट्रकचा मागचा फाळका पडून गेली होती. म्हणून चपला घालायचेच न्हायत."

माझा गूळ हातातच राहिला.

"अन् म्हणायचे, गाडी तहानलीय, कुणीतरी बघा. भ्रमात बोलत असतील." मग ती एकदम हसली. "त्या गाडीचं लई कौतुक त्यांना. इंजिन बंद करून तेल बघितलं तर ती खोटं बोलते, म्हणायचे. इंजिन बंद केलं की सगळं तेल खाली बसतंय, अन् पट्टी भरलेली दिसतीय. चालू इंजिनावर बघायचं, गाडी गरम पाहिजे. दुसरे ड्रायव्हर हसायचे त्यांना."

मी गुळाचा खडा तसाच मुठीत धरून उठले.

परत आले तेव्हा उन्हं उतरली होती आणि भंगारवाल्याचा माणूस गाडीभोवती फिरून चाकं बघत होता. मी वीरभद्रप्पांना हाक मारली. ते म्हणाले, वैजयंतीबाई, आता गिअरबॉक्समध्येपण नाक घालता का. मी म्हटलं, घालते, तुम्ही इंजिन चालू ठेवून पट्टी तर ओढा. क्लचवाल्या गाडीत असं कुणी बघत नाही, गिअरबॉक्सचं तेल म्हणजे ते बंद गाडीतच बघायचं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. नाइलाजानं त्यांनी इंजिन चालू केलं, तापू दिलं, आणि पट्टी ओढली.

पट्टी कोरडी होती. टोकाला तेवढा एक लाल ठिपका.

वीरभद्रप्पांनी ती पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग गाडीखाली गेले. तेल गार करायला रेडिएटरकडे जाणारी नळी सांध्यावर सैल झाली होती. तिथून ते लाल तेल रोज थोडं थोडं गळत होतं. नळी आवळली. बाजारातून लाल तेल आणवलं. पट्टीच्याच नळीतून नरसाळं लावून, इंजिन फिरत असताना, ते थोडं थोडं ओतलं आणि पट्टी परत परत बघितली. शिवयोगी कुबडी टेकत बाहेर येऊन उभा राहिला होता. भिंतीकडे पाठ करून.

"चढ बघायचा," तो म्हणाला. "गठ्ठे भरलेलेच आहेत. पुलावर गेली तर गेली."

महानंदा येणार होती, पण पायरीवरूनच मागं फिरली, म्हणून मी चढले. शिवयोगीनं आपली एकुलती चप्पल खाली काढून ठेवली. रेल्वेच्या पुलाचा चढ लांबलचक आहे. निम्म्यापर्यंत गाडी सुरेख गेली. मग इंजिन एकदम ओरडायला लागलं. वेग मेला. आरशात मागच्या रिक्षांचे दिवे दिसत होते, आणि ते हळूहळू जवळ येत होते. आम्ही मागं सरकत होतो.

शिवयोगीच्या कपाळावरची विभूती घामानं वाहत होती. "ताई..." तो म्हणाला. "धरून बसा..."

थप.

अगदी स्वच्छ. रबरावर. गाडीला आतून काहीतरी धरल्यासारखं झालं, एक धक्का बसला, आणि ती वर निघाली. रेंगाळली नाही, अडखळली नाही. सगळे गठ्ठे घेऊन पुलाच्या माथ्यावर गेली, आणि शिवयोगीनं हॉर्न दाबला तो गोदाम येईपर्यंत सोडला नाही. मी पण ओरडले, लहान पोरीसारखी. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. मला म्हणाला, पाय तुम्ही आपटलात ना ताई. मी म्हटलं, व्हय. माझे दोन्ही पाय सीटवर वर घेतलेले होते.

गल्लीत परतलो तेव्हा भंगारवाला निघून गेला होता आणि महानंदा हातात नारळ घेऊन उभी होती. वीरभद्रप्पा सगळ्यांना समजावत होते की तेलात हवा राहिली होती, ती सुटली की गिअर पकडतो. असेल. बजाबाईसुद्धा आली होती. मी तिला कोपऱ्यात गाठलं आणि म्हटलं, आता वाक्य पुरं कर. ती म्हणाली, "तो अजून उतरला न्हाय... अन् दुसऱ्या कुणाला ती गाडी चालवू देणार न्हाय, असं म्हणत्यात."

मी मोठ्यांदा हसले. म्हटलं, चल, दुसरं तर आजच खोटं पडलं, अख्ख्या पुलानं बघितलं.

पहिल्याचं मात्र मी काही बोलले नाही. कारण नारळ फुटल्यावर फडकं घेऊन मीच केबिन पुसायला चढले होते. मॅटवर, डाव्या बाजूच्या त्या खळग्यात, लाल तेलाचा ठसा होता. ओला. अनवाणी डाव्या पावलाचा.

चारच बोटं होती.

मी फडकं उचललं, तर मागून शिवयोगी हळू आवाजात म्हणाला, "राहू दे, ताई." त्यानं खाली बघितलंही नव्हतं.