हत्यार घोंगडीबाहेर

धुकं इतकं दाट होतं की मेंढरं दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. अंजीरा बाभळीखाली उभी राहून हवेत हात फिरवत होती. आदल्या संध्याकाळी चंची कुठल्या फांदीला अडकवली ते तिला पक्कं आठवत होतं, पण फांदीवर शेंगांखेरीज काही दिसत नव्हतं. अखेर बोटांना मऊ, लोकरीसारखं काहीतरी लागलं. तिनं ते काढून घेतलं तशी रिकामी दिसणारी फांदी ओझं उतरल्यासारखी वर गेली.

"घावली का?" चुलीपासून धुळानं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं.

"घावली. रोज सकाळी आंधळ्यावानी चाचपडायचं, हे एक नवीनच काम लागलंय मागं."

चंची हे पिस्तूल ठेवायच्या पिशवीचं वाड्यावरचं नाव. वाडा म्हणजे मेंढपाळांचा फिरता मुक्काम. आज इथं, उद्या पलीकडच्या शिवारात. मेंढ्या चोरणाऱ्या टोळ्या ट्रक घेऊन फिरायला लागल्या, राखण करणाऱ्यांचे जीव जायला लागले, तेव्हा अशा वाड्यांना पिस्तुलाचे परवाने मिळाले. पिस्तुलाबरोबर ही पिशवी आली. सरकारी कागदात तिला 'आभासी आवरण' म्हणत. तिचा धागा न् धागा पाठीमागचा उजेड आत घ्यायचा आणि पुढच्या अंगानं बाहेर सोडायचा. लुगड्यावर बांधली की ती लुगड्यासारखी दिसे, गवतात ठेवली की गवतासारखी. तिचा काठ दोनदा चिमटला की मात्र तीच चंची काजव्यासारखी हिरवी पेटायची, दोन शेतांपलीकडून दिसेल इतकी. झाकून बाळगायचं की दाखवून, हे कायद्यानं बाळगणाऱ्यावर सोडलं होतं. तेव्हापासून वाड्यावाड्यांवर त्यावरून वाद पेटले होते.

अंजीराच्या वाड्यावरही चहाबरोबर रोज तोच विषय निघे.

"उजळ करा वैनी," तिचा धाकटा दीर मायाप्पा म्हणाला. "कुत्रं दारात दिसलं तरच चोर मागं फिरतो. झाकून ठिवल्यालं कुत्रं कशाला पाळायचं?"

"तुझ्या दादाचं उजळच होतं न्हवं?" अंजीरा म्हणाली.

धुळानं डाव्या हातानं कपबशी खाली ठेवली. उजवा हात गेल्या सालापासून मांडीवर नुसता पडून असायचा. ट्रकवाल्यांना लांबून हिरवा दिवा दिसला आणि पहिला लोखंडी गज त्या दिव्याच्या धन्यावर पडला. बाकीच्यांना त्यांनी हातही लावला नव्हता.

"दिवा बघूनच मारलं मला," धुळा शांतपणे म्हणाला. "झाकल्यालं बरं. कुणाकडं हाय न् कुणाकडं न्हाई ते कळत न्हाई, म्हंजे ज्याच्याकडं न्हाई त्याचीबी राखण हुती."

"अन् ज्याच्याकडं न्हाई त्याच्यावरबी संशय येतो, त्याचं काय?" मायाप्पानं विचारलं.

धुळानं चुलीतलं लाकूड पायानं आत सारलं.

अंजीरानं चंची कमरेला डाव्या अंगाला बांधली. बांधताच ती नाहीशी झाली. ओझं तेवढं राहिलं. त्या ओझ्यानं चालताना ती एका बाजूला कलायची आणि तिला वाटायचं, आपण स्वप्नात चाललो आहोत. स्वप्नात जसं काहीतरी हातात आहे हे कळतं, पण काय ते दिसत नाही, तसं.

आज केशवतात्यांच्या रानात बोलणी करायची होती. बाजरी निघाली की तात्यांच्या रानात मेंढरं बसवायची, हे अंजीरा लग्न होऊन आली तेव्हापासून ठरलेलं. मेंढरांना पाला आणि विहिरीचं पाणी मिळायचं, रानाला लेंडीखत. पण यंदा वाटेत तीन शेतकऱ्यांनी हात जोडले होते. "तुमची मेंढरं ग्वाड हायत, पण तुमचे दिवे नकोत," एकानं तोंडावर सांगितलं होतं. नुकत्या व्यालेल्या मेंढ्यांच्या कासा आटत चालल्या होत्या. कोकरं ढुशा देऊन देऊन दमत आणि तशीच झोपत. तात्या नाही म्हणाले तर पुढं घाटापर्यंत पाणी नव्हतं. तेवढी वाट कोकरांना झेपली नसती.

तात्या बांधावर वाट बघतच उभे होते. अंगात बंडी, डोक्याला मफलर.

"ये पोरी. धुळ्याचा हात कसा हाय?"

"हाय तसाच. तुमचं डोळं?"

"मोतीबिंदू काढला की. आता लांबचं बी दिसतं, अन् नको ते बी दिसतं," तात्या हसले.

रानात बसायची बोलणी उभ्यानं होत नसत. मेंढपाळानं खांद्यावरची घोंगडी काढायची, शेतकऱ्याच्या जमिनीवर अंथरायची आणि दोघांनी तिच्यावर बसायचं. बसण्याआधी जवळचं हत्यार घोंगडीबाहेर ठेवायचं. ही रीत कुणी घातली ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण ती मोडलेली कुणी पाहिली नव्हती. घोंगडीवर दिलेला शब्द म्हणून तर टिकायचा.

अंजीरानं घोंगडी अंथरली. काठी बाहेर ठेवली. पाला तोडायचा कोयता काढून काठीशेजारी ठेवला. मग तिचा हात कमरेपाशी गेला आणि तिथंच घुटमळला. वाटेतले तीन शेतकरी तिला आठवले. जे दिसतच नाही ते ठेवायचं तरी काय, असं मनाशी म्हणून ती बसली. घोंगडी तिला खालून टोचायला लागली.

मेंढरं मागून रानात उतरत होती. धुक्यातून एकेक तोंड उगवायचं, मग पाठ, मग पुन्हा धुकं. तात्या तिकडं बघत बोलत होते. पाऊसपाणी झालं, सुनेचं बाळंतपण झालं. अचानक ते थांबले आणि त्यांनी डोळे चोळले.

"काय झालं, तात्या?"

"तुझ्या मागनं काळं कोकरू गेलं. कोकरू पार पुढं गेलं गं, अन् शेपटी तुझ्या कमरेपाशी राहिली! मग ती बी सरकत सरकत गेली." ते हसले, पण हसू अर्ध्यावरच विरलं. "त्या डॉक्टरनं चांगला डोळा बिघडवला बघ माझा."

अंजीराला कळलं. स्थिर गोष्टी चंची हुबेहूब दाखवे, पण हलत्या गोष्टी दाखवायला तिला पापणी लवण्याइतका उशीर लागे. आता गप्प बसलं तर काम झालंच होतं. तात्या रान देणार होते. पण ते मफलराच्या टोकानं पुन्हा पुन्हा डोळा पुसत होते, आधी एक, मग दुसरा, आणि पुसून झाल्यावर आपल्याच बोटांकडे बघत होते.

"डोळा धड हाय तुमचा," ती म्हणाली.

तिनं कमरेची गाठ सोडली आणि चंची घोंगडीबाहेर ठेवली. दिसलं काहीच नाही, फक्त बाजरीची दोन धसकटं वाकली.

"पिस्तूल हाय, खटका बंद हाय. चुकलं माझं. बसायच्या आधी ठेवायला पायजे हुतं."

तात्या त्या वाकलेल्या धसकटांकडे बराच वेळ बघत राहिले. आता ते उठणार, बांधाकडे हात करून निघ म्हणणार, असं अंजीराला वाटलं. तिनं काठी कुठं आहे ते पाहून ठेवलं. पण तात्यांनी बंडी वर केली, कमरेला काहीतरी सोडल्यासारखं केलं आणि आपल्या बाजूला, घोंगडीबाहेर, हात टेकवला. तिकडचीही धसकटं वाकली.

"तात्या! तुमच्याकडं कशाला?"

"गेल्या साली ओट्यावरनं बघायचो. रानाच्या कडंनं हिरवे दिवे फिरायचे. तुमचेच म्हणून निवांत असायचो. मग एक दिवस मनात आलं, तुमचेच कशावरनं?"

"आमचेच हुते की."

"म्हायती हाय. तरी शेतकऱ्यांनाबी परवाना मिळायला लागला तसं घेतलं."

"उजळ ठिवलं म्हणून तुमी घेतलं," अंजीरा सावकाश म्हणाली, "अन् मी आज झाकून आले, ते तुमी भ्याल म्हणून."

"आता मी कशाला कशाला भ्यायचं ते तूच सांग," तात्या म्हणाले, आणि दोघांना एकदमच हसू फुटलं. हसता हसता तात्यांनी शब्द देऊन टाकला. "बसव मेंढरं. पाडवा होईस्तवर बसव. कोकरं आधी पाण्यावर ने."

तेवढ्यात विहिरीचा वास लागून कळप धावला. पांढरं, काळं, करडं पाणी दोन्ही अंगांनी वाहत यावं तशी मेंढरं घोंगडीभोवतून आली. काही घोंगडीवरून गेली. अंजीरा आणि तात्या डोक्यावर हात धरून, एकमेकांना टेकून बसून राहिले. सगळीकडे ऊब होती, दुधाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता, आणि खुरांचा आवाज असा येत होता की जमीनच कुठंतरी निघाली आहे. मग कळप पुढं गेला. धुकं पुन्हा खाली उतरलं.

घोंगडीचा एक काठ दुमडला होता. काठी लांब जाऊन पडली होती. वाकलेली धसकटं आता रानभर होती.

"माझं कुठं गेलं?" तात्या म्हणाले.

"माझं तरी कुठं हाय!"

चाचपून शोधायचं म्हणून दोघांचे हात एकदमच जमिनीकडे गेले, आणि एकदमच थांबले. तात्यांनी हात मागं घेतला. अंजीरानंही घेतला.

"तू बघ आधी," तात्या म्हणाले.

"न्हाई, तुमी वडीलधारे. तुमीच बघा."

"अगं, मला वाकवत न्हाई. बघ तू."

विहिरीकडून मायाप्पाची हाक आली, "वैनी, ठरलं का?" कोकरं पाण्याला लागल्याचा आवाज येत होता. घोंगडीभोवतीच्या त्या रिकाम्या, ओल्या रानात कुठंतरी दोन पिस्तुलं होती, आणि ज्याचा हात आधी पडेल त्याला कुणाचं मिळेल ते सांगता येत नव्हतं. हात आधी कुणीतरी घालायलाच हवा होता. पण दुसऱ्यानं तेवढा वेळ काय करायचं? डोळे उघडे ठेवायचे, की मिटून घ्यायचे?