पिवळ्या पापुद्र्याची ओल

संग्रहालयाच्या खनिज विभागात शाळेची मुलं आली, की विभाग सांभाळणाऱ्या बाई त्यांना सर्वांत आधी एक बोटभर लांबीचा दगड दाखवत. त्यावर अंड्याच्या बलकासारखा पिवळा पापुद्रा होता.

"हा सल्फेट," बाई सांगत. "म्हणजे गंधक, प्राणवायू, लोखंड आणि पाणी यांनी मिळून थाटलेला संसार. हे वेगळं खनिज, की दोन जुन्या खनिजांची भेसळ, ते मात्र अजून कुणाला ठरवता आलेलं नाही."

तो दगड बाईंच्या वडिलांना एका बंद खाणीच्या भिंतीवर सापडला होता. वडील आता अंथरुणाला खिळले होते. बाई घरी आल्या, की चपला काढायच्या आत ते विचारत, "निकाल लागला का गं?"

निकाल ओलीवर अडला होता. उघडं ठेवलेलं मीठ जसं पाणी धरतं, तसाच हा पापुद्रा. पूर्ण कोरडा केल्याशिवाय त्याची जात कळणार नव्हती. बाईंनी तो जाड काचेच्या भांड्यात ठेवला, खाली ओल शोषणारे निळे दाणे पसरले आणि कडेला वंगण लावून झाकण घट्ट बसवलं.

सकाळी दाणे गुलाबी झालेले. म्हणजे कुठून तरी ओल शिरली होती. दाणे बदलले, तरी तेच.

खोलीची दुसरी किल्ली फक्त मास्तरांकडे होती. मास्तर म्हणजे प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ. ही भेसळच आहे, असं ते पहिल्यापासून म्हणत. बाईंनी कुणाला न सांगता झाकणावर लाख ओतली, तिच्यावर अंगठा उमटवला आणि चहाच्या वेळी लाखेचा डाग दिसतो का म्हणून त्या मास्तरांची बोटं निरखत बसल्या.

लाख शाबूत राहिली. दाणे मात्र पुन्हा गुलाबी.

"मास्तर, खरं सांगा. भांड्याला हात लावता ना?"

"मी तेच तुम्हाला विचारणार होतो," मास्तर म्हणाले. "निकालच लागू नये, वडिलांची आशा टिकावी, म्हणून तुम्हीच ओल सोडताय असं मला वाटत होतं."

दोघंही हसले नाहीत.

"मग आज दोघं मिळून वाळवू," बाई म्हणाल्या. "भर दुपारी, समोरासमोर. म्हणजे कुणी कुणाच्या नावाने बोटं मोडायला नकोत."

त्यांनी भांड्याला हवा ओढणारा पंप जोडला. पंप घुमू लागला, तसं काचेवर आतून धुकं आलं. रुपयाएवढं. ते विरलं आणि त्याच जागी पुन्हा आलं.

"गार-गरम होतंय काचेला," मास्तर म्हणाले. पण खुर्ची त्यांनी मागे ओढली.

भांड्यातली हवा कमी होत गेली. धुकं भराभर येऊ लागलं. धाप लागल्यासारखं.

पापुद्र्याची कड पांढरी पडू लागली.

"होत आलं," बाई म्हणाल्या. आवाज नीट फुटला नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत होतं. मास्तरांनी कॉलरचं बटण काढलं. त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

"खिडकी उघडा," ते पुटपुटले.

खिडकी उघडीच होती.

बाईंनी पंप बंद करून कळ फिरवली. हवा सूं करत भांड्यात शिरली.

दोघांनी एकदम श्वास घेतला.

"भेसळ लिहू?" नोंदवही पुढे ओढत मास्तरांनी विचारलं. आवाजात जिंकल्याचा मागमूस नव्हता.

"लिहा."

मास्तर गेल्यावर बाईंनी घरी फोन लावला. "बाबा, निकाल लागला. वेगळं खनिज नाही निघालं."

पलीकडून वडिलांनी विचारलं, "पूर्ण वाळवलंस?"

"नाही."

"शहाणी आहेस. मलाही नव्हतं जमलं."

फोन ठेवून त्या भांड्याकडे वळल्या. धुकं आता सावकाश येत होतं, सावकाश जात होतं. त्या बघत राहिल्या. आधी काच धुरकट होत होती, आणि मगच त्यांची छाती वर येत होती.