शनिवारची मिसळ

भुकूम आलं की सोपान जागेवरून उठायचा. केशरची तक्रार एवढीच होती, पण ती दर शनिवारी थोडी थोडी वाढत होती.

पुण्याहून पौडची एस.टी. निघताना तो तिच्या शेजारी बसायचा. खिडकी तिला द्यायचा. तिच्या साड्यांचं गाठोडं स्वतःच्या मांडीवर घ्यायचा. गाडी हिसका द्यायची, कोपराला कोपर लागायचं, आणि लागलंच नाही असं तोंड दोघंही करायची. पण भुकूमची झाडं दिसली रे दिसली, की गाठोडं तिच्या मांडीवर आणि हा गडी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर! ती पिरंगुटाला उतरायची तेव्हा तो समोरच्या काचेकडे असा बघत राहायचा, जशी काही त्या काचेवर त्याची पत्रिकाच लिहिली आहे.

"काय रं, भुकमात तुला काय चावतं?" तिनं एकदा विचारलंच.

"वळखीची मानसं चढत्यात गं."

"आन् मी कोन? बिनवळखीची?"

तो हसला. हसला की डाव्या गालाला खळी पडायची, आणि केशरचे पुढचे सगळे प्रश्न त्या खळीत बुडून मरायचे. आता एवढी तिखट जिभेची पोरगी, पण गालाच्या एका खड्ड्यापुढं मुकी! काय म्हणावं.

गोष्ट एकोणऐंशी सालातली. केशर पिरंगुटच्या बौद्धवाड्यातली, फुलाबाईची एकुलती एक लेक. शाळा चौथीत सुटली, पण सुई हातात अशी धरायची की बघत राहावं. लक्ष्मी रोडच्या एका दुकानातून ती साड्या आणायची, फॉल लावून दर शनिवारी परत द्यायची. दुपारी पोटात कावळे कोकलायचे. मंडईच्या मागं एक मिसळीचं हॉटेल होतं. तिथला रश्श्याचा वास रस्त्यावर येऊन माणसाचा पदर धरायचा.

पहिल्यांदा गेली तेव्हा भिवाजी नावाचा म्हातारा वेटर आडवा आला.

"एकट्या बाईला फॅमिलीत बसवत नाही, ताई. मिस्टर येऊ द्यात."

"का? मिस्टर आल्याबिगर मिसळ शिजत न्हाई व्हय तुमची?"

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "आलो गं, आलो! किती घाई तुला!"

आणि एक उंच, सावळा पोरगा तिच्या पुढं होऊन थेट फॅमिली रूममध्ये शिरला. हिरवा पडदा पडला. आत एक टेबल, दोन बाकं, भिंतीला पारा उडालेला आरसा.

"कोन रं तू?"

"मिस्टर."

"थोबाड बघितलंस का आरशात?"

"बघतोय की... त्यात तू बी दिसतीयास."

केशरनं पदर सारखा केला. उगाच. तो सारखाच होता.

"भाईर बसाया जागा न्हाई," तो मग जरा ओशाळून म्हणाला. "भूक लागलीया. मी सोपान. पौडाच्या अल्याडची वाडी आमची. हितं कर्वे रोडला वर्कशॉपात हाय."

मिसळ आली. वर लालभडक तर्री, कांद्याचा वास, वाफ. त्याची प्लेट अजून यायची होती. केशरनं पावाचा तुकडा बुडवला, खाल्ला, आणि मग हात थांबवला. चोरून खाल्लेला घास तिला आयुष्यात गोड लागला नव्हता.

"ऐक. मी पिरंगुटच्या बौद्धवाड्यातली हाय. आदीच सांगते. मागनं तोंड वाकडं केलंस तर ह्यो रस्सा डोळ्यात घालीन."

पडद्यापलीकडे कपबशा वाजत होत्या... मग सोपाननं एक पाव मोडला, तिच्याच प्लेटीत बुडवला आणि तोंडात घातला. तिखटानं डोळ्यात पाणी आलं त्याच्या.

"पुन्यात कुटं असतंय असलं काय!" तो म्हणाला.

बास. तिथंच केशर गेली कामातून. 'कुटं असतंय असलं' एवढंच तिनं ऐकलं. 'पुन्यात' हा शब्द कानावरून वाऱ्यासारखा गेला.

खाता खाता तो स्वतःशीच हसू लागला. "आज शनवार. मारुतीचा उपास हाय माजा! आईनं साबुदान्याची खिचडी दिलीया बांधून." त्यानं पुडी तिच्याकडे सरकवली. "तू खा. वाया जाईल."

"आन् मारुतीला काय सांगशील?"

"त्यो वाडीतला मारुती. हितवर कशाला येतोय मिसळ बघाया?"

केशर पोट धरून हसली. खिचडी मात्र मऊ, दाण्याच्या कुटाची, सढळ हातानं तूप घातलेली. पोराच्या उपासासाठी पहाटे उठून कुणी आईनं केलेली.

मग दर शनिवारी तो मिसळ खायचा आणि ती खिचडी खायची. कधी कॅम्पात इराण्याकडं... तिथं तो बनमस्का चहात बुडवायचा आणि अर्धा चहातच राहायचा, मग ती चमच्यानं शोधून द्यायची. कधी सारसबागेत भेळ, एकाच कागदात, कैरीच्या फोडीवरून भांडण. एकदा मस्तानी. एका पेल्यात दोन चमचे. तिच्या ओठाला लागलेली मलई बघून तो म्हणाला, "हितं..." आणि पुढं आलेलं बोट तसंच हवेत थांबलं. तेवढ्यावर ती आठवडाभर फॉल उलटे लावत होती.

लोकांचं पुणं देवळांचं, पेठांचं असेल. केशरचं पुणं प्लेटींचं होतं. पण ते भुकमाला संपायचं.

अशात तळेगावच्या एका मास्तराचं स्थळ आलं. फुलाबाई म्हणाली, "पोरगं निर्व्यसनी हाय. तुज्या मनात दुसरं कोन आसंल तर त्याला माज्या दारात आन. न्हाईतर मी शब्द देते."

केशरनं सारसबागेत भेळीचा घास तसाच धरून सांगितलं, "आयतवारी घरी जेवाया ये. मागनी घालू नगंस. काय बी बोलू नगंस. निस्तं जेव. आई काय समजायचं ते समजंल."

"येतो की."

"भुकमात उठशील."

"न्हाई उटनार, केशर. शप्पत." आणि खळी पडली.

रविवारी फुलाबाईनं आंबेमोहोर भात टाकला. सणाला राखलेला. कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकरी. भिंतीवरच्या तसबिरींना ताजी फुलं. भाताच्या वासानं अख्ख्या वाड्याला कळलं की फुलाबाईकडं आज कोणीतरी यायचंय.

सोपान आला. पांढरा शर्ट, केसांना पाणी. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक अंगणात.

"या पाव्हनं. बसा. ताट वाडलंया."

केशर आत पळी घेऊन उभी होती. तिनं त्याचा आतला पाय बघितला. तेवढ्यात रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. त्याचा मामा, कोंडाजी, बाजाराकडं चालला होता. त्यानं बघितलं का नाही, देव जाणे. पण तो आतला पाय... हळूच बाहेर गेला.

"न्हाई... म्हंजी... आज माजा उपास हाय."

"आगं बाई!" फुलाबाईला खरंच वाटलं. "आदी सांगायचं न्हवं का! मंग च्या तरी घ्या. उपासाला चालतो."

"च्या बी न्हाई घेत मी."

त्याचे उपास केशरइतके कुणाला माहीत होते? स्वतःच्या हातानं मोडले होते तिनं ते. दारातून तो हळू आवाजात तिला म्हणाला, "शनवारी भेटू... मंडईत." आणि गेला.

वाढलेल्या ताटाकडं मायलेकी बघत बसल्या. भाताचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत घरातून हलेना. कुणी मेल्यावर राहतो तसा तो मागं राहिला.

"तळेगावला काय कळवू गं?" फुलाबाईनं विचारलं.

"व्हय म्हनून कळव."

"पोराला बगायचं तरी..."

"कशाला बगायचं? बगून काय कळतं, आये?"

शनिवारी साड्या दिल्या आणि ती मंडईमागं गेली. सोपान आधीच आला होता. हिरवा पडदा हातात धरून उभा. केशर सरळ बाहेरच्या मोठ्या बाकावर, पुरुषांच्या मधोमध जाऊन बसली. चमचे थांबले.

"वहिनी, फॅमिली रिकामी आहे," भिवाजी म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या मामा. आता फॅमिली न्हाई."

सोपान घाईनं जवळ आला. "केशर, आत चल. लोकं बगत्यात."

"हितं बी?"

तो समोर बसला. तोंड उतरलेलं, डोळे जागे. खोटा नव्हता तो, हेच तर वाईट होतं. "पेठेत खोली बगितलीया म्या. लगीन करू. पुन्यात कुटं असतंय..." आणि वाक्य त्याचं त्यालाच लागल्यासारखा थांबला.

"आन् सनासुदीला? तुज्या आईकडं?"

"तितं मी एकटाच जात जाईन की."

खळी पडली नाही, पण पडली असती तर केशर पुन्हा मुकी झाली असती... जीव अजून तिथंच अडकला होता तिचा. भिवाजीनं मिसळ ठेवली. एकच, नेहमीसारखी. सोपाननं सवयीनं खिचडीची पुडी तिच्याकडे सरकवली.

केशरनं ती उघडली नाही. दोन्ही हातांनी उचलून, जपून, त्याच्यापुढं ठेवली. मिसळीची प्लेटही त्या पुडीशेजारी ठेवली. आणि उभी राहून, साऱ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"तुज्या आईनं मारुतीच्या नावानं केलेलं मी इतकं दीस खाल्लं, सोपान. माज्या आईचा भात मातुर तुज्या घशाखाली उतरला न्हाई. तुज्या आईला तू शनवारचा उपास सांगतोस, माज्या आईला आयतवारचा. मला वाटलं व्हतं, मी तुजी कोनतरी हाय. मी तुजी मिसळ हाय. हितं बोटं चाटून खायाची, आन् घरी गेलं की तोंड पुसून उपास म्हनायचा."