तांबरमचा हिरवा बाण

सन २००८. चेन्नई. ऐप्पसी या तमिळ महिन्यातला बुधवार, भरदुपारी तीनची वेळ. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही, स्वतः पाहिलंय.

आमच्या इस्पितळाच्या चार शाखा होत्या. प्रत्येकीत एक सर्व्हर. एकीचे निरोप दुसरीकडे पोचवणं, एवढंच त्यांचं काम. चारही मला एका पडद्यावर दिसायचे. चालू असेल त्याच्यापुढे हिरवा बाण, बंद असेल त्याच्यापुढे लाल.

तांबरम शाखेचा सर्व्हर अरुमुगम अण्णा सांभाळायचे. माझ्याकडे आले की आपली अर्धी कॉफी माझ्या पेल्यात ओतायचे. सर्व्हर तपासताना निरोपात एकच शब्द लिहायचे...

"आलोच."

ते वारले. त्याच आठवड्यात ती शाखा बंद झाली, तिथली रक्तपेढी अड्यारच्या शाखेत गेली. सर्व्हर मी काढला. आधी गटातून नाव कमी करायचं, मग यंत्र पुसायचं, असा नियम. घाईत मी नुसतंच पुसलं. असं केलं की बाकीचे सर्व्हर त्याला कित्येक दिवस जिवंतच समजतात, निरोप तिकडेच धाडत राहतात.

यंत्र माझ्या टेबलाखाली पडलं होतं. वायर गुंडाळलेली.

त्या दुपारी माझी भाची वेदवल्ली आमच्याच इस्पितळात बाळंत झाली. मुलगी झाली. पण वेदाचा रक्तस्राव थांबेना, बाळही पांढरंफटक. दोघींसाठी रक्ताच्या दोन मागण्या निघाल्या.

मी पडद्यावर पाहिलं... दोन्ही तांबरमला जायच्या निरोपांच्या रांगेत अडकलेल्या.

"अक्का, मेलेल्या यंत्राला कसले निरोप धाडताय?" माझा सहकारी जेराल्ड हसला. माझा चेहरा पाहून उठून जवळ आला.

मागण्या उचलून अड्यारकडे वळवायला गेले. पडद्यावर उमटलं, रांग दुसऱ्या कोणाच्या तरी वापरात आहे.

"कोणाच्या रे?"

जेराल्ड टेबलाखाली वाकला. "वायर इथंच आहे, अक्का."

अड्यारचा फोन लागेना. "कागदावर लिहून द्या, मी पळतो." चाव्या घेऊन तो सुटलाच.

मी एकटी.

तांबरमचा लाल बाण... हिरवा झाला.

रांगेतला दोनाचा आकडा एकावर आला.

उरलेली मागणी उघडून पाहिली. वेदाची.

आणि माझ्या रांगेत नवा निरोप...

"आलोच."

"अण्णा, दुसरीपण घ्या हो," मी पडद्याशी बोलले. "आपली वेदा आहे ती. तुमच्या मांडीवर खेळलेली."

एक.

एक.

एकच.

जेराल्ड अड्यारला पोचला तेव्हा बाळासाठीचं रक्त आमच्याकडे रवाना झालं होतं. मागणी तांबरमहून आली, अड्यारवाले म्हणाले. वेदासाठीचं रक्त तो घेऊन आला... चाळीस मिनिटं उशिरा.

वेदा गेली, तरी तिची मागणी संध्याकाळपर्यंत रांगेतच होती. ती पुसायला माझा हात धजला नाही.

यंत्र भंगारात गेलं. जेराल्ड मस्कतला असतो, या विषयावर बोलत नाही. मी पुढच्याच वर्षी नोकरी सोडली. बाळ, आमची यामिनी, आता सतरा वर्षांची आहे.

घराबाहेर पडताना ती "आलेच" म्हणते.

ती परत येईपर्यंत मी दारातून हलत नाही.