नलूआजींच्या भावाची पाटी

"उद्या स्मृतिदिनाचं भाषण शिवानी करणार!" मुख्याध्यापकांनी जाहीर केलं आणि क्रांतीचं तोंड एवढंसं झालं.

शिवानी तिची मामेबहीण. सुट्टीला मुरुडला आली चार दिवसांसाठी आणि भाषण हिचं? क्रांती दरवर्षी फुलांचं तबक धरायची, तिला कोणी विचारलंसुद्धा नाही!

स्मृतिदिन गावातल्या नलूआजींच्या भावाचा. तो वैमानिक होता. एकाहत्तरच्या युद्धात त्याचं विमान गेलं ते गेलंच. ना विमान सापडलं, ना तो. शाळेच्या भिंतीवरची त्याच्या नावाची संगमरवरी पाटी, एवढंच उरलं होतं. तिच्यापाशी आजी दरवर्षी फुलं ठेवायच्या. आणि शाळेच्या रंगकामानंतर तीही गायब!

"आमी न्हाय बघितली," ठेकेदार परेशकाकांनी हात झटकले.

दुपारी क्रांती नळावर पाय धुवायला गेली. काळ्या लाद्यांत एकच पांढरी कड! तिने फटीत बोटं घातली. खालून कोरलेली अक्षरं लागली.

ती ओरडणारच होती. पण गप्प बसली. 'पाटी नाही, तर भाषण नाही. मिरव म्हणावं आता!'

सकाळी नलूआजी आल्या. कोऱ्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मग फुलं कुठे ठेवू गं?"

क्रांतीला राहवेना. तिने शिवानीला आणि वर्गातल्या जिब्रानला ओढत नळापाशी नेलं आणि सगळं सांगून टाकलं.

"काका कबूल होणार नाहीत," शिवानी म्हणाली.

"मग त्यांनाच उचलायला लावू!" क्रांती म्हणाली.

जिब्रानने आपली चावी फटीत सरकवली आणि भोकाड पसरलं. "परेशकाका, घराची चावी लादीखाली गेली! अम्मी मारेल!"

सगळे धावत आले. काकांनी कुरकुरत पहार घातली, लादी उलटली... आणि वैमानिकाचं नाव उन्हात लख्ख दिसलं!

काकांची मान खाली गेली. "एक लादी कमी पडली, म्हून हीच उलटी बसवली."

"शाबास! कोणी शोधली?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"क्रांतीने!" शिवानी पटकन म्हणाली.

क्रांतीचे कान तापले. "पण मला कालच कळलं होतं. शिवानीचा राग आला, म्हणून नाही सांगितलं."

नलूआजींनी तिला जवळ ओढलं. "पोरी, खरं बोललीस, हे मोठं. घरात कौतुक फक्त दादाचं व्हायचं. मी इतकी जळायचे की तो युद्धावर निघाला, तेव्हा दारापर्यंतसुद्धा गेले नाही."

क्रांतीने फुलांच्या तबकाची एक कड शिवानीच्या हाती दिली. मग दोघींनी मिळून ते आजींपुढे धरलं.